मनगटी घड्याळाची निगा

आमच्या कै. वडिलांचें एचएमटी ‘जनता’ घड्याळ 2015 च्या सिंहस्थांत आम्ही जवळजवळ गमावलें होतें. घरांतील एका तरुणानें तें हातांत असतांनाच रामकुंडांत बुडी मारली. कांच आंतून धुरकटली. परंतु कांटे फिरत होते, तेव्हां ‘आपोआप वाळेल’ असें म्हणून आम्हीच तें फडताळांत ठेविलें. दिवाळींत काढून पाहतों तों किल्ली फिरेना. आंतील पोलादास गंज चढला होता. मातोश्रींनीं कोणास दोष दिला नाहीं; त्यामुळें आम्हांस अधिकच लागलें.

पाणी शिरलेलें घड्याळ चालो वा न चालो, त्याच दिवशीं कारागिराकडे पोंचलें पाहिजे. नव्या घड्याळाच्या पाठीवर ‘30 मीटर’ असें कोरलेलें असलें तरी तें पोहण्याचें अभयपत्र नव्हे. हात धुतांना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरताच त्याचा भरंवसा धरावा.

आमची अडचण निराळीच होती. बंगळूरचा हा घड्याळ-कारखाना 1961 मध्यें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें निघाला, आणि 2016 च्या जानेवारींत केंद्र सरकारनें ही घड्याळ-कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. अखेर दुसऱ्या एका मोडक्या ‘जनता’तून किल्लीचा दांडा काढून आमच्या वृद्ध कारागिरानें काम भागविलें. काम करतांना त्यांनीं आमची कानउघाडणीही केली. हें यंत्र तासास 18,000, म्हणजे दिवसास 4,32,000 ठोके देतें. त्याचें तेल तीन ते पांच वर्षांनीं बदलावयास नको काय? घड्याळ पेटींत जपून ठेविलें तरी तेल सुकावयाचें तें सुकतेंच. आम्ही तर बारा वर्षांत तें एकदांही उघडविलें नव्हतें!

किल्ली रोज ठराविक वेळीं, घड्याळ मनगटावरून उतरवून द्यावी, आणि ती अडली कीं हात थांबवावा. घड्याळ एकाएकीं पुढें धांवूं लागल्यास केसासारख्या बारीक कमानीस चुंबकत्व लागल्याचा संभव असतो. ध्वनिवर्धकाशेजारीं रात्रभर ठेविल्यानेंही तसें होतें. कारागीर तें क्षणांत उतरवितो. सेलवर चालणारें घड्याळ बंद पडल्यास सेल तेवढा त्वरित काढून घ्यावा. तो पाझरला कीं आंतील यंत्र गेलेंच.

वडिलांचें घड्याळ आतां दिवसास दोन मिनिटें मागें पडतें. किल्ली तो तरुणच देतो, आणि गंगेवर निघतांना घड्याळ आजीच्या स्वाधीन करून जातो.