आधी एक बोर्ड तर बनवा!

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे आपला पीसीबी, देशातच बनावा हा तिचा एक हेतू. तुम्ही म्हणाल, त्यात जालन्याचं काय? आपल्याकडे सळई आणि बियाणं!

खरंय. पण कारखान्याला नुसती जमीन आणि यंत्रं पुरत नाहीत, बोर्ड आखता येणारी माणसंही लागतात. ती जालन्यातही घडू शकतात. अडचण एकच, आपण प्रोजेक्टचा बोर्ड तयार आणतो. भाग जोडले, दिवा लागला, मार्क मिळाले. आतलं सर्किट मात्र कळलंच नाही.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे पेन प्लॉटर. भंगारातल्या दोन डीव्हीडी ड्राइव्हच्या मोटारी, एक आर्डुइनो आणि पेन वर-खाली करायला छोटी सर्व्हो मोटार. कीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्किट आखायचं. प्लॉटर ते पर्मनंट मार्करनं तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डावर काढतो. मग बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं टिकतं. शाई पुसा, भोकं पाडा, सोल्डर करा.

पहिला बोर्ड बहुधा फसेल. तांब्याच्या बाजूनं आखताना चित्र आरशासारखं उलटं लागतं, ते विसरलात तर आयसीचे पाय चुकतात. चुकू द्या! विकतच्या बोर्डाची चूक आठवड्यानं कळते, इथं त्याच दिवशी.

मर्यादाही आहेत. असा प्लॉटर जेमतेम चार सेंटिमीटर फिरतो, रेघही जाड येते. मोबाइलचा बोर्ड यावर होणार नाही. पण विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर पंप बंद करायचा इशारा देणारं सर्किट नक्की बसेल. गावाकडे त्याची किंमत कुणाला सांगायला नको. फक्त रिलेच्या पुढची वीजजोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि हो, हातमोजे घाला, ट्रे प्लास्टिकचा घ्या. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. ते बाटलीत साठवून कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा.

योजनेचे कोटी कुठे जातील, ते आपल्या हातात नाही. मुलाखतीत ‘हा बोर्ड मी आखलाय’ म्हणता येणं मात्र आहे.