तपासणारा आणि तपासला जाणारा

काकतीहून समुद्र दिसत नाही. परंतु तेथून पुणे-बेंगळुरू महामार्गावर अहोरात्र मालमोटारी धावतात आणि त्यांचे इंधन कोणाच्या तरी जोखमीवर वर येते. म्हणून सागरी तेलक्षेत्रातील सुरक्षितता हा केवळ किनाऱ्याचा प्रश्न आहे, असे सीमाभागातील वाचकांनी मानू नये.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हाय येथे तेल शोधले, तेव्हा देशाला झालेला आनंद रास्त होता. त्याच क्षेत्रात २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज जखमी कर्मचाऱ्यास पोहोचविताना प्लॅटफॉर्मच्या वायुनळीवर आदळले. आग भडकली व २२ जण प्राणास मुकले. पुढे २००८ साली सागरी तेलकामांसाठी सुरक्षा नियम झाले. तथापि १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा बार्ज नांगर तुटून भरकटला व बुडाला. हा बार्ज व ‘वरप्रदा’ ही टग मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याचा इशारा आधीच मिळालेला होता.

म्हणजे उणीव नियमांची नव्हे, अंमलाची आहे. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय हे पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि समुद्रातून तेल काढणारे सरकारी महामंडळही त्याच मंत्रालयाचे. उत्पादन वाढावे म्हणून आग्रह धरणाऱ्यानेच काम थांबवा असे कसे म्हणावे? १९८८ साली उत्तर समुद्रातील पायपर अल्फा दुर्घटनेत १६७ जण दगावले. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीच्या शिफारशीवरून ब्रिटनने सुरक्षेची देखरेख ऊर्जाखात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे दिली. तंत्रज्ञ मंत्रालयातच असतात, हा आक्षेप आम्हांस टिकाऊ वाटत नाही. तंत्रज्ञांची बदली करता येते, हितसंबंधांची नाही.

देखरेख स्वतंत्र करावी, चौकशीचे अहवाल जनतेपुढे ठेवावेत आणि वादळात बार्ज बंदरात नेण्याचा निर्णय कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडू नये, एवढीच आमची मागणी आहे. जी यंत्रणा माणसे जपते तीच समुद्रही जपेल. गळतीचे तेल ना जिल्हा पाहते, ना राज्य. स्वराज्यात कामगाराचा जीव तेलाच्या पिंपाहून स्वस्त असता कामा नये.