फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०च्या नियमित सपोर्टची मुदत संपली. तेव्हापासून धडधाकट पण जुन्या संगणकांवर लिनक्स टाकण्याचा विचार शाळा, ग्रंथालये आणि लहान कार्यालये यांनाही करावा लागतो आहे. तो रास्तच आहे. पण पुढे कधीतरी तक्रार येते, की डेस्कटॉप फार स्लो झालाय, मेनू उघडायला वेळ लागतो, खिडकी सरकवली की अडखळते. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, नाहीतर नवाच घ्या. यंत्राला नेमके काय होते आहे हे न पाहताच हा सल्ला दिला जातो, आणि त्याला आमचा ठाम विरोध आहे.

लिनक्स आपला हिशेब लपवत नाही. टर्मिनलमध्ये 'टॉप' ही आज्ञा द्या. प्रोसेसरच्या ओळीत 'डब्ल्यूए' असा आकडा दिसतो. प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहण्यात किती वेळ घालवतो, ते तो सांगतो. तो सतत चढा असेल तर अडथळा डेस्कटॉपमध्ये नसून डिस्कपाशी असण्याची शक्यता जास्त. मग 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची प्रकृती तपासावी. खराब सेक्टर वाढत असतील तर बाकी सगळे सोडून आधी बॅकअप घ्यावा. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणे म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि घरचे फोटो स्वतःच्या हाताने घालवणे.

रॅमबद्दलचा गैरसमज तर फारच खर्चिक आहे. 'फ्री' या आज्ञेत मोकळी रॅम थोडी दिसली की माणसे घाबरतात. पण लिनक्स उरलेली रॅम फायलींच्या कॅशेसाठी वापरतो आणि गरज पडताच सोडतो, म्हणून पाहायचा तो 'अव्हेलेबल' हा रकाना. तोही तळाला गेला असेल आणि 'व्हीएमस्टॅट'मध्ये स्वॅपची ये-जा थांबतच नसेल, तरच रॅम खरोखर अपुरी आहे.

सर्वांत दुर्लक्षित कारण ग्राफिक्सचे आहे. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडला म्हणून कुणीतरी बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहून मोकळा होतो आणि ते तसेच राहून जाते. मग ग्राफिक्स कार्ड बाजूला पडते आणि प्रत्येक खिडकी, प्रत्येक सावली प्रोसेसरला रंगवावी लागते. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' किंवा 'सॉफ्टवेअर रेंडरिंग' दिसले की हेच घडते आहे असे समजावे. 'नोमोडसेट' हा एक शब्द काढून योग्य ड्रायव्हर चालू केला की त्याच संगणकावर खिडक्या सुरळीत सरकू लागतात. इथे रॅम कितीही घाला, फरक पडणार नाही.

केडीईतला 'बालू' किंवा जीनोममधला 'लोकलसर्च' (पूर्वीचा 'ट्रॅकर') पहिल्यांदा सगळ्या फायलींची सूची करतो तेव्हाही यंत्र काही काळ जड चालते. त्याला ते काम पुरे करू द्यावे. आणि काहीच उमगत नसेल तर एक नवे युजर खाते उघडून त्यात लॉगिन करून पाहावे. तिथे डेस्कटॉप चपळ चालला, तर बिघाड जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे. एवढ्यासाठी अख्खी सिस्टिम पुसायचे कारण नाही. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घेण्याचा सल्ला चांगला आहे, पण तो या तपासणीनंतरचा.

शाळा आणि ग्रंथालये देखभालीचे वार्षिक कंत्राट देतात, त्यात एक अट घातली पाहिजे. फॉरमॅट मारण्यापूर्वी किंवा नवा भाग सुचवण्यापूर्वी डिस्क, रॅम आणि ग्राफिक्स यांचे त्या वेळचे आकडे लिहून, तारीख घालून संस्थेच्या हाती द्यावेत. ते मिळाल्याशिवाय बिल मंजूर करू नये.