घरकुलाआधी हातपंपाचं पाणी तपासा

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या 15 जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सात आहेत; यवतमाळ त्यातलाच एक. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. त्यापुढचं पाणी तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवतं, आणि उकळून नायट्रेट जात नाही.

दोष कपाशीच्या युरियावर टाकून मोकळं होणं सोपं. पण दाटीने उभ्या राहणाऱ्या घरकुलांच्या शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटचं काय? यवतमाळ जिल्ह्याच्या बहुतांश भागात काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून खड्ड्यातलं पाणी फारसं न गाळलं जाता हातपंपापर्यंत पोचू शकतं.

घरकुल हवंच. मात्र मंजुरीच्या कागदपत्रांत भूजलतपासणीचा अहवालही हवा, नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर घेतलेले. येत्या ग्रामसभेत गावकऱ्यांनी हा ठराव मांडावा.