आजाराचीही नोंद हवी



माझे मूळ गाव पेण तालुक्यातील डोलवी. गावाला लागून पोलादाचा मोठा कारखाना आहे. तिकडे कुणाला दमा लागला की लोक म्हणतात, धुराने. इकडे कुणाला कॅन्सर झाला की म्हणतात, खता-औषधाने. असेल किंवा नसेलही. नुसत्या म्हणण्यावर ते ठरत नाही.

आपण ऊसवाले. एकरी टनेज घटले तर एकट्या बेण्याला दोष देत नाही. जमीन, पाणी, लागणीची तारीख, हवामान सगळे बघतो, आणि ते जमते कारण प्लॉटवार नोंद असते. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे विकार यांचेही तसेच. आईबापांकडून आलेले ते बेणे. अन्न, पाणी, धूर, ऊन, कष्ट ही जमीन नि हवामान. कोणाचा वाटा किती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदीतूनच उलगडते.

पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत हेच काम सुरू केले. बाया काय खातात, किती राबतात, याची नोंद ठेवली. पुढे त्यांची मुलेही तपासत राहिले. जन्मताना मुले वजनाने हलकी, पण अंगात चरबीचे प्रमाण जास्त. ज्या आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, तिच्या मुलात सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी चिन्हे अधिक दिसली. एका दिवसाच्या तपासणीत हे कधीच कळले नसते.

आता आपल्या फडाकडे पाहा. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत मधुमेह नसलेले तरणेबांड ऊसतोड मजूर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे हे मोठे कारण मानतात; दुसऱ्या कारणांचाही शोध चालू आहे. तिथे तोडणी हंगामाच्या आधी आणि नंतर मजुरांचे रक्त तपासले. पाणी, सावली, विसावा वाढवला तेव्हा मूत्रपिंडाची इजा कमी झाली.

माझे म्हणणे एवढेच : गाळपाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक टोळीतील गडी-बाईचा रक्तदाब व क्रिएटिनिन तपासून कारखान्याच्या दवाखान्यात नोंद ठेवावी. सभासदांनी वार्षिक सभेत तसा ठराव मांडावा. आणि फडात पिण्याचे पाणी, दुपारची सावली यासाठी ठरावाची वाट बघू नये. ते आपल्याच हातात आहे.