विश्लेषण : बाइकला पुढे एक, मागे दुसऱ्या प्रकारचा टायर चालतो का?

बाइकचा मागचा टायर सहसा पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. बदलायला गेल्यावर दुकानात स्वस्त पर्याय मिळतो. माप तेच, पण प्रकार वेगळा. गफलत इथेच होते.

दोन प्रकार कोणते?
बायस टायरमध्ये आतल्या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे, फुलीसारखे असतात. त्यामुळे टायरच्या बाजू ताठ राहतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि त्यांच्यावर पट्टा असतो. बाजू लवचिक राहतात आणि टायर कमी तापतो.

एकत्र वापरले तर?
दोन्ही टायर भार आणि वळण वेगवेगळ्या पद्धतीने झेलतात. पुढे रेडियल आणि मागे बायस ही जोडी विशेषतः टाळावी. वेगात किंवा वळणावर बाइक डगमगू शकते.

मग प्रत्येक मिश्र जोडी धोकादायक?
नाही. यामाहा आर१५ व्ही३ला कंपनीच पुढे बायस आणि मागे रेडियल (१४०/७० आर १७) देत होती. तिथे मागेही बायस घातला, तर जोडी एकसारखी होईल खरी. पण बाइक त्या जोडीसाठी बनवलेली नाही. म्हणजे प्रश्न दोन्ही टायर सारखे असण्याचा नाही, कंपनीने ठरवलेल्या जोडीचा आहे.

ओळखायचे कसे?
टायरवरच्या मापात इंग्रजी 'आर' असेल तर रेडियल. 'बी' किंवा नुसती आडवी रेघ असेल तर बायस. जुना टायर काढण्याआधी हे अक्षर पाहावे, मॅन्युअलशी ताडावे आणि तोच प्रकार मागावा.