पावतीवरचा तिसरा आकडा

भंडारा जिल्ह्यातला गोपालक सकाळी दूध संकलन केंद्रावर कॅन उतरवतो. थोडासा नमुना यंत्रात जातो आणि पावती निघते : फॅट इतके, एसएनएफ (फॅट वगळून उरणारे घन घटक) इतके. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ लागले तर ठरलेला दर, पॉइंट घसरला की कपात. प्रथिने एसएनएफच्या पोटातच राहतात. त्यांचा वेगळा भाव कोणी विचारत नाही.

साय काढून घेतली तरी दूध पांढरेच दिसते, ते केसीन या प्रथिनामुळे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्याचे कण सरासरी दीडशे नॅनोमीटरचे; माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचेकशे ओळीने मावतील. वासराच्या हाडांना लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट तळाशी बसू न देता त्याच्या पोटात पोचवायचे, हे या कणांचे जन्मजात काम. औषध संशोधकांनी नेमके तेच हेरले. पाण्यात न विरघळणारे औषध केसीनच्या आतल्या भागात मुरवता येते. हळदीतल्या कुरक्युमिनवर, कर्करोगाच्या काही औषधांवर असे प्रयोग झाले आहेत. (म्हणून हळद-दूध हे कर्करोगावरचे औषध ठरत नाही, हे ठासून सांगायला हवे.) अडचणी आहेतच. जठरातल्या आम्लात केसीन गोठते आणि दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते धोक्याचे. बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच आहे. तरी प्रथिनाच्या नॅनोकणांवरून औषध रुग्णापर्यंत पोचते, हे सिद्ध झाले आहे : रक्तातल्या अल्ब्युमिनला बांधलेले पॅक्लिटॅक्सेल २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि आज स्तनाच्या कर्करोगावर दिले जाते.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ तिथेच, नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभागही तिथेच. दूध जाणणारे आणि औषध जाणणारे एकाच शहरात असताना त्यांनी आपल्या गाई-म्हशींच्या केसीनवर एकत्र बसून काम करायला हवे, आणि त्यासाठी दूध भंडाऱ्याच्या गावांतून न्यायला हवे. औषध तयार व्हायला वर्षे लागतील. पण दूध संघांना आजच करता येईल असे एक काम आहे. संकलनाच्या बऱ्याच यंत्रांत प्रथिन दाखवण्याची सोय आधीपासून असते. तो तिसरा आकडा पावतीवर छापा आणि दर ठरवताना मोजा.